बिनबोंबेची माती

दादा,

तेरवी झाली. मोठी भांडी ज्याची त्याला परत गेली. मांडवाचे बांबू गोठ्याला टेकून उभे आहेत आणि ओसरीवर पत्रावळींचा वास अजून रेंगाळतो आहे. पाहुणे गेले. राहिलो मी, सुभद्रा, किसना आणि तुझे बैल. पारावर मात्र एकच बोलणं उरलं आहे. मी शाळेतून येताना दिसलो की मंडळी गप्प होतात. पाठ वळली की संपतचा आवाज येतो. आपल्या या चुलतभावाला हळू बोलणं कधी जमलंच नाही. "एवढा मोठा मानूस, अन् माती बिनबोंबेची झाली!"

खरं आहे ते. तुझ्या चितेपाशी मडकं फुटलं, आणि त्यानंतर जे व्हायला पाहिजे ते झालं नाही. पालथा हात तोंडावर मारून तुझ्या नावानं कोणी आवाज दिला नाही. हे कसं घडलं ते सगळं गाव आपापल्या परीनं सांगतं. तुला एकट्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून बसलो आहे लिहायला. बोलून सांगणं मला जमत नाही, हे तुला पुढे कळेलच.

सुरुवात थट्टेतून झाली होती, आठवतं? वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, आणि अशा माणसाला पारावर कोणी ना कोणी डिवचतंच. त्या दिवशी संपत म्हणाला, "भाऊ, तुह्या मांगं बोंब ठोकाले हाय तरी कोन?"

तू तंबाखू मळत होतास. माझा किसना तुझ्या मांडीआड, तुझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसला होता. तू त्याच्याकडे हनुवटी केलीस. "हा काय बसला."

"हा? लेका, मुक्यापाशी बोंब मांगून राह्यला!"

सगळे हसले. मीही होतो तिथे, मीही हसल्यासारखं केलं. शाळेच्या हेडमास्तरनं चारचौघांत चिडायचं नसतं. तू हसला नाहीस. चुना चिमटीत घेऊन म्हणालास, "पाह्यजो बे संप्या. हा पोट्टा अशी बोंब ठोकन का तुह्ये कान बसतीन. त्या दिवशी कापूस घालून येजो."

मग ते तुझ्या तोंडी बसलंच. चिखलीच्या बाजारात कोणी विचारलं, "हे मास्तरचं मुकं का?", की तुझं उत्तर तयार. लग्नाच्या पंगतीत कोणी त्याच्या गालाला हात लावून "नाव सांग रे" म्हटलं, त्यानं दगडासारखं तोंड केलं, की तू मधे पडायचास. "त्याचा आवाज माया मातीले ऐकजा." तुला वाटायचं आपण पोराची बाजू घेतो आहोत. घेतच होतास. आमच्या घरात त्याची बाजू चारचौघांत घेणारा तू एकटाच होतास. पण तो तिथेच बसलेला असायचा, दादा. तो बोलत नव्हता, पण ऐकत होता.

तो मुका नाही, हे तुला सांगायला नको. घरात आपल्या आईशी, सुभद्रेशी, तो इतकं बोलतो की ती कधी कधी हात जोडते, "बापा, जरा दम घेऊ दे." मुंग्या रांगेत कुठे चालल्या, ढवळ्या पवळ्यापेक्षा हळू का चावतो, छपराच्या कवेलूवरची खार कोणाची. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ओठ मिटले. मान ताठ, नजर एका जागी, अंग लाकडाचं. शाळेत, बाजारात, मामाच्या घरीसुद्धा. दांडगाई नाही, रडणं नाही. कोणी आतून दार ओढून घ्यावं तसं.

आणि कातडीचं ते दुसरंच. नव्या कापडाची खळ त्याला टोचते. शिवणीचा दोरा आत लागला तर सदरा फाडून काढतो. केसाला हात लावला की किंचाळतो, म्हणून सुभद्रा तो झोपला की एकेक बट कापते, आणि तो कुशीवर वळला की दुसऱ्या बाजूसाठी दुसऱ्या दिवशीची वाट बघते. ओला कपडा अंगाला चिकटला तर थरथरतो. वरणाचा थेंब भाकरीला लागला तर ती भाकर त्या दिवशी त्याच्या पोटात जात नाही. पोळ्याच्या घुंगरांनी कान धरून कणगीमागे जाऊन बसतो. रोज सकाळी त्याला सदरा घालायचा म्हणजे एक लढाई. ती मीच लढत आलो, आणि हरत आलो. मग हरलेला माणूस शाळेत जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतो.

उपाय काय कमी केले? बुलढाण्याच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं जीभ पाहिली, घसा पाहिला, कानाशी घड्याळ धरलं. म्हणाला, दोष काही नाही, मोठा होईल तसा बोलेल. मग लोकांनी सांगितलं म्हणून देवीच्या देवळातली घंटा उलटी धरून तिच्यात पाणी भरलं आणि ते पाजलं. घंटा काढताना ती वाजली आणि पोरानं कानात बोटं घालून जे डोळे मिटले ते घरी येईपर्यंत उघडले नाहीत. तू तेव्हा मला शिव्या घातल्या होत्यास. "अबे, ज्याले घंटेचा आवाज सहन होत नाई त्याले घंटा पाजून राह्यला? मास्तर झाला कसा तू?"

मास्तर म्हणून तर आणखी वाईट वागलो. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात तो. मी हजेरी घ्यायचो. तो समोर बसलेला असायचा, माझ्याकडे बघत. मी त्याचं नाव पुकारायचो आणि थांबायचो. सगळा वर्ग थांबायचा. "तोंडानं हजर म्हणेल त्याचीच हजेरी," हा नियम मीच केलेला, आणि आपल्या पोरासाठी नियम मोडला असं कोणी म्हणू नये म्हणून मी त्याला गैरहजर मांडायचो. घरी आल्यावर सांगायचो, "एक शब्द रे. एकच शब्द तर म्हणायचा आहे. त्यात काय जातं तुझं?" तो माझ्याकडे बघायचा. घरात बोलणारा पोरगा, पण याचं उत्तर त्यानं घरातही कधी दिलं नाही.

तुझ्याशी तो बोलायला लागला ते कापसाच्या खोलीत. वेचणी संपत आली होती, खोली निम्म्याच्या वर भरली होती, आणि तो त्यात उडी मारून गळ्यापर्यंत रुतला. तू दारात उभा होतास. चारी बाजूंनी कापूस दाबून बसला, तसं त्याचं अंग सैल पडलं म्हणे, आणि त्यानं तुला म्हटलं, "मोठेबाबा, अठी आवाज येत नाही." तू ते मला सांगायला शाळेपर्यंत धावत आला होतास, पायात वहाण नाही. त्या वर्षी तू कापूस विकायचा लांबवलास. व्यापारी येऊन गेले, गाड्या जुंपायची वेळ गेली, भाव उतरला, संपत म्हणाला भाऊची मती गेली. तू रोज दुपारी त्या खोलीच्या दारात बसून पोराशी गप्पा मारायचास. ते दिवस आठवले की मला तुझे पाय धरावेसे वाटतात. आणि खरं सांगू, तेव्हा पोटात दुखायचंसुद्धा. माझा पोरगा, माझ्याशी घरातही तोलून बोलणारा, तुला पोटातलं सगळं सांगायचा.

यावरूनच आपलं भांडण. ते संपलंच नाही. मी म्हणायचो, तू त्याच्या वतीनं बोलतोस म्हणून तो बोलत नाही. त्याला तहान लागली तर तू पाणी मागतोस, त्याला कोणी नाव विचारलं तर तू सांगतोस. त्याला गरजच काय उरली?

"अन् तू त्याले बोलाले लावून राह्यला म्हनून तो बोलत नाई."

"मग काय करू? हा उद्या जगात कसा राहील?"

"जग काय पळून चाललं?"

"तू जन्मभर पुरणार आहेस का त्याला?"

तू म्हणालास, "नाई. म्हनूनच म्हनतो, एक डाव बोलन तो. माया मातीले. मंग मी नसलो तरी चालन." तेव्हा मला कळलं की ती पैज राहिली नव्हती. तू त्यावर भरवसा ठेवून बसला होतास. मूल नसलेल्या माणसाला आपल्या नावानं कोणी तरी ओरडावं असं वाटतं, हे तर होतंच. पण त्याहून तुला वाटत होतं की तुझ्या जाण्यानं पोराचं तोंड उघडेल. तू मरणाला त्याचं औषध समजत होतास. बाजू आपण दोघांनी वाटून घेतल्या होत्या, आणि दोघंही चुकत होतो. आता भांडायला तू नाहीस, म्हणून मला हे कबूल करणं सोपं जातं आहे.

मग तू आजारी पडलास. खोकला सुरू झाला, अंगात ताप राहू लागला, तुझी बाज मधल्या खोलीत घातली. आणि किसना तुझ्याकडे यायचा बंद झाला. तू खोकललास की तो परसात पळायचा. तू हाक मारायचास, "किसना, ये रे, ढवळ्यानं काय केलं सांग." दार हलायचंसुद्धा नाही. तू भिंतीकडे तोंड करायचास. एकदा मला विचारलंस, "म्या काय केलं बे त्याले? वास येते का माया अंगाचा?"

कारण मला माहीत होतं, दादा.

सुभद्रेनं त्याच्याकडून काढून घेतलं होतं. चुलीपाशी त्यानं तिला सांगितलं, "मोठेबाबा मेले तं मले बोंब ठोका लागन. मी गेलो नाही त्याईच्याजवळ तं ते मरनार नाहीत." तो दूर राहून तुला जगवत होता. रोज खोकला ऐकायचा आणि आणखी दूर जायचा. सुभद्रा माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, "भाऊजींले सांगा. त्याईनं एक डाव म्हनलं का, बापा, तुले बोंब नाई ठोका लागत, तं पोरगं पळत जाईन त्याईच्यापाशी."

ती स्वतः सांगू शकत नव्हती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती तुझ्यासमोर एक शब्द बोलली नाही. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, बाई बोलत नाही, ही आपल्या घरची रीत. तुला जेवायला वाढलंय हे सांगायला ती ताट ठेवून बांगड्या वाजवायची. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट आई सगळ्यांना सांगायची, सून किती वळणाची. एकाच घरात ती गप्प राहिली तर वळण, पोरगा गप्प राहिला तर खोड. हे मला आता सुचतं. तेव्हा एवढंच कळलं की सांगायचं काम माझं आहे.

आणि मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो. शाळेतून आलो, तुझ्या पायांशी बसलो, पाय चेपले, आणि उठून आलो. मला वाटायचं, आजारी माणसाकडून ही एक आशा कशी काढून घेऊ? ते खरं आहे, पण सगळं नाही. दादा, मलाही लोभ होता. तुझं बोलणं इतकी वर्षं ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की कोण जाणे, त्या दिवशी, त्या रेट्यात, पोराचा आवाज फुटेलही. सगळ्या गावासमोर. संपतसमोर. म्हणून मी वाट पाहिली. तुझ्या मरणाची वाट पाहिली असं म्हण, मी नाही म्हणणार नाही.

शेवटी तू माझं मनगट धरलंस. हात गरम होता. "तेवढं करजो. त्याच्याच हातून." मी "हाव" म्हटलं. मास्तरकी, प्रमाण भाषा सगळी गळून पडली, आईशी बोलायचो तसं "हाव दादा" म्हटलं. मग तू गेलास, पोराला न बघता. तो पलीकडे, भिंतीच्या त्या बाजूला, ज्वारीच्या कणगीला पाठ लावून बसला होता.

सकाळी अंगण भरलं. तिरडी बांधली. न्हावी पाटावर बसून वस्तरा लावत होता. जोशीबुवांनी विचारलं, "आग कोण धरणार?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. संपत म्हणाला, "भाऊनं सांगून ठेवलं हाय. आना पोट्ट्याले. न्हाऊ घाला, डोकं करा."

मी आत गेलो. तो कणगीमागेच होता. त्याच्या डोक्यावरच्या, सुभद्रेनं झोपेत कापलेल्या वेड्यावाकड्या केसांकडे मी बघत राहिलो. विहिरीवर नेऊन बादल्या ओतायच्या, ओलेत्यानं उभं करायचं, डोक्यावर वस्तरा, हातात पेटलेलं मडकं, समोर ज्वाळा, मागे अख्खं गाव. त्याला ज्या ज्या गोष्टी सोसवत नाहीत त्या जणू कोणी एका दिवसासाठी गोळा करून ठेवल्या होत्या. मी त्याच्या दंडाला हात घातला. तो ओरडला नाही. नुसता लाकूड झाला. मी त्याला उचललं. हो, उचललं मी त्याला. तुला "हाव" म्हटलं होतं.

मधल्या खोलीच्या दारात सुभद्रा उभी होती. पलीकडे अंगणात तू तिरडीवर होतास आणि सगळी मोठी माणसं होती. तिच्या डोक्यावर पदर होता, पण तोंडासमोर नव्हता. ती मोठ्यानं म्हणाली, "पोरगं जानार नाई."

संपत म्हणाला, "वहिनी, भासरे हायेत समोर."

"हायेत, म्हनूनच बोलून राह्यली. भाऊजी, पोरगं भेते. माफ करा, पन म्या त्याले देनार नाई."

तुझ्यासमोर ती पहिल्यांदा बोलली, दादा. तुझ्याशीच बोलली. तुझ्या नाकात कापूस घातलेला होता. एवढी वर्षं जे तुला ऐकायला हवं होतं ते तेव्हा आलं.

मी किसनाला खाली ठेवलं. तो आत पळाला. मी बाहेर येऊन न्हाव्यापुढे बसलो आणि म्हटलं, "माझं कर." वस्तरा फिरायला लागला तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच डोक्याच्या कातडीची भीती वाटली.

पुढचं सगळं मी रीतीनं केलं. ओलेत्यानं चाललो, मडकं धरलं, आग दिली. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तुझ्याभोवती फिरलो, जोशीबुवांनी दगडानं भोकं पाडली, पाणी पाठीवरून गळत राहिलं. मडकं मागे टाकलं. फुटलं. हात पालथा करून तोंडाशी नेला.

आणि आवाज आला नाही.

मला ठोकायची होती, हे लिहून ठेवतो. रडू आलं म्हणून नाही, विसरलो म्हणून नाही. छाती भरली होती, तोंड उघडं होतं, आणि गळ्यापाशी काही तरी असं मिटलं की श्वाससुद्धा अडला. कान मात्र भलते उघडे. लाकडं तडतडत होती. कोणाच्या तरी वहाणेखाली काटकी मोडली. धोतर मांड्यांना चिकटलं होतं आणि ते मला फाडून फेकावंसं वाटत होतं.

"ठोका न मास्तर."

"होते असं पहिल्यांदा. जोर लावा."

"हळू दिला तरी चालतो," जोशीबुवा कानाशी म्हणाले. मला हळूही येत नव्हता. कोणी तरी मायेनं पाठीवर हात ठेवला. तो हात झटकून टाकावा असं वाटलं, आणि झटकायलाही हात उठेना. ते जितकं समजुतीनं सांगत होते तितका आवाज खोल जात होता. मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "अरे बापा, एक आवाज तं द्याचा हाय!"

मला माहीत होता तो आवाज. मी रोज सकाळी वर्गात त्याच आवाजात बोलत आलो होतो.

संपत स्वतः तोंडाशी हात नेऊ लागला. जोशीबुवांनी अडवलं, ज्यानं आग दिली त्यानंच दिला पाहिजे. मग ऊन वर आलं. लोक एकेक करून मागे सरकले. कोणी तरी म्हणालं, "आता समजलं, पोट्टा कोनावर गेला ते," आणि मातीला आलेली माणसं खाली मान घालून हसली. मी हात तोंडावर तसाच धरून किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही.

घरी आलो, पुन्हा न्हालो. किसना दाराआडून माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघत होता. मी त्याला काही म्हटलं नाही. बोलावलंही नाही.

दसव्याला आपण नदीवर पिंड ठेवले. मी 'आपण' लिहितो, सवय जात नाही. कावळे बाभळीवर येऊन बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, आणि एकही खाली उतरेना. ऊन तापलं. संपत म्हणाला, "बोंबेचा हाय तो जीव. अडकला हाय." मग माझ्याकडे वळून हळूच, खरंच हळूच म्हणाला, "मास्तर, कबूल करून टाक न. वर्षश्राद्धाले पोरगं बसवीन, तवा ठोकन तो, म्हन. कावळा आत्ता उतरते पाह्य."

त्याला तुझी माया होती, दादा. डोळे भरले होते त्याचे. सगळे हात जोडून उभे होते. आणि या वेळी माझा आवाज होता. खाकरून पाहिलं, होता. चार शब्द म्हटले की सगळं मिटत होतं. तुला एकदा "हाव" म्हटलंच होतं, आणखी एकदा म्हणायला काय झालं? मी पिंडाकडे बघत उभा राहिलो आणि बोललो नाही. त्या दिवशी बोलता आलं नाही. या दिवशी मी बोललो नाही. पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असेल.

शेवटी जोशीबुवांनी दर्भाची काडी वाकवून, गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला लावला. खरा कावळा तुला शिवला नाही, गवताचा शिवला. लोक हात झटकत घरी आले.

तर असं आहे. माफी कोणत्या तोंडानं मागू ते कळत नाही. तुझी एकच इच्छा होती, ती मी पुरी केली नाही आणि पुढेही करणार नाही. शाळेत आता किसनाकडे बघून त्याची हजेरी मांडतो. बोट उचललं तरी पुरे, नाही उचललं तरी पुरे. त्यानं तो बोलेल असं मला वाटत नाही. मी आता तसलं काही वाटून घेत नाही. सकाळी सदऱ्याची लढाई आहेच. काल सुभद्रेनं शिवणी बाहेरच्या बाजूला येतील असा सदरा उलटा शिवून दिला. तो त्यानं घातला आणि दुपारी काढून टाकला. थकलो आहे, दादा. तू होतास तेव्हा भांडायला तरी कोणी होतं. पोराचं काय होणार, हा प्रश्न मी तुझ्यावर ओरडून फेकायचो आणि थोडं हलकं वाटायचं. आता तो घरात तसाच बसून असतो.

आज दुपार कलल्यावर मी ओसरीवर बसलो होतो. किसना आला. थोड्या अंतरावर उभा राहिला.

"बाबा, मोठेबाबा मेले तरी मले बोंब ठोका लागली नाही."

"नाही."

"कधीच नाही लागनार?"

"कधीच नाही."

त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग विचारलं, "मंग मी जाऊ त्याईच्या खोलीत?"

मी मान हलवली. तुझी बाज उचलली आहे, जमीन सारवून घेतली आहे, खुंटीवर तुझा फेटा तेवढा आहे. हे त्याला सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतंच. तो गेला. इतके महिने ज्या खोलीत पाऊल टाकलं नाही त्या खोलीत तो गेला आणि त्यानं दार आतून लोटून घेतलं.

सुभद्रा स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळ्यांनी विचारलं, काय? मी हात हलवला. ती दाराकडे सरकली, कान द्यायला. आयुष्यभर आम्ही दोघांनी तेच केलं आहे, दाराला कान लावून त्याचा आवाज मोजला आहे. मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहू दे. त्यांचं त्यांना बोलू दे."

"बोलून राह्यला काय?"

"मला काय माहीत."

बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. मी दावी सोडली आणि त्यांना घेऊन विहिरीकडे गेलो, जरा लांबच्या वाटेनं.